गाडीचं पासिंग झालं, ड्रायव्हरचं कधी?

लायसन्स काढायला गेलं, की आरटीओ आपल्याकडून एक नंबरचा फॉर्म भरून घेतं. प्रकृतीची स्वयंघोषणा. फिट येतात का? २५ मीटरवरची नंबरप्लेट एकेका डोळ्यानं वाचता येते का? लाल-हिरवा ओळखता येतो का? रातांधळेपणा आहे का? नीट ऐकू येतं का? खाली सही केली, की विषय संपला. खासगी गाडी चालवणाऱ्या तरुण माणसाला त्यानंतर कित्येक वर्षं कुणी काही विचारत नाही.

गाडीला मात्र विचारतात. टॅक्सी, ट्रक, बस यांना ठरावीक मुदतीनं पासिंगला उभं राहावं लागतं. ब्रेक बघतात, टायर बघतात, लाइट, वायपर, हॉर्न बघतात. पीयूसी संपली तर दंड होतो. पण स्टीअरिंगवर बसलेला माणूस काल किती तास झोपला, घरून भांडून निघालाय का, हप्ते थकल्यामुळं त्याच्या डोक्यात काय चाललंय, गेले दोन महिने त्याला कशातच रस वाटेनासा झालाय का, हे बघायची पद्धत आपल्याकडं कुठंच नाही. आरटीओत नाही, डेपोत नाही, ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात नाही आणि घरातही नाही.

आजचं सदर या एकाच गोष्टीसाठी आहे. गाडी हातापायांनी चालते असं धरून आपण सगळे नियम केले. ती चालवतं डोकं. आणि ते डोकं ठिकाणावर ठेवायची सगळी जबाबदारी एकट्या ड्रायव्हरच्या गळ्यात घालून मालक, सरकार, प्रवासी, घरचे असे आपण सगळे मोकळे झालो आहोत.

ज्या कारणाला रकानाच नाही

२०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली १५,२२४ महाराष्ट्रातली. म्हणजे आपल्या राज्यात रोज चाळीसहून जास्त घरांत दिवा विझतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या त्या वर्षीच्या अहवालात, कुठला नियम मोडल्यानं किती मेले याचा तक्ता आहे. अतिवेग, दारू आणि नशा, उलट्या बाजूनं गाडी घालणं, सिग्नल तोडणं, मोबाइल आणि शेवटी ‘इतर’. सुमारे ७१ टक्के मृत्यू एकट्या अतिवेगाच्या खात्यावर मांडले आहेत.

हा तक्ता खोटा नाही, पण अपुरा आहे. वेग वाढला हे खरं, तो वाढवला कशानं? एकानं उशिराबद्दल मागच्या महिन्यात कापलेला पगार आठवून ॲक्सिलरेटर दाबला. दुसऱ्याला मागे बसलेले मित्र ‘ताण की!’ म्हणाले. तिसऱ्याला कुणीतरी कट मारला होता आणि त्याला दाखवून द्यायचं होतं. चौथा पहाटे चारला पेंगत होता, काटा कुठं गेलाय हेच त्याला कळत नव्हतं. चार माणसं, चार कारणं आणि चार वेगळे उपाय. तक्त्यात चौघंही एका ओळीत. झोप, थकवा, संताप, खचलेपण यांना त्या तक्त्यात स्वतःची ओळ नाही. ज्याची नोंद नाही त्यासाठी तरतूद होत नाही, प्रशिक्षण होत नाही, कुणाला जाब विचारला जात नाही.

म्हणून पहिली मागणी अगदी साधी. अपघाताची माहिती पोलीस आता ई-डार प्रणालीत भरतात. त्यात दोन प्रश्न सक्तीचे करा. चालक गेल्या २४ तासांत किती तास झोपला होता? अपघाताच्या वेळी तो सलग किती तास गाडी चालवत होता? एवढ्या दोन उत्तरांतून वर्षभरात जे दिसेल ते दहा परिसंवादांतून दिसणार नाही.

कट मारला म्हणून

अमेरिकेत साडेतीन हजारांहून जास्त चालकांच्या गाड्यांत कॅमेरे बसवून, लोक खरोखर कसे गाडी चालवतात याचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. चालक उघडउघड संतापलेला, रडवेला किंवा प्रक्षुब्ध असेल, तर अपघाताचा धोका जवळजवळ दहा पटींनी वाढतो असं त्यात दिसलं. दहा पट! आपण दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला अडवतो, आणि अडवलंच पाहिजे. पण घरातून दार आपटून निघालेल्या माणसाच्या हातात किल्ली देताना आपल्याला काहीच वाटत नाही.

संध्याकाळी सातला हिंजवडीहून परत येणारा कुठलाही रस्ता बघा. दीड तास फर्स्ट-सेकंड, फर्स्ट-सेकंड. एक स्कूटर आरशाला घासून जाते. काच खाली. “ए, दिसत नाही का रे?” “काका, गाडी चालवता येत नसेल तर घरी बसा.” बस्स. पंचेचाळीस वर्षांचा, दोन मुलांचा बाप, एरवी ऑफिसात आवाजही न चढवणारा माणूस त्या स्कूटरच्या मागे लागतो. त्या क्षणी त्याला ना झेब्रा दिसतो, ना डावीकडून रस्ता ओलांडणारी बाई. नाडी वाढलेली, नजर एका स्कूटरच्या नंबरवर खिळलेली. हा माणूस गुंड नाही, दमलेला आहे. दिवसभराचा अपमान, टार्गेट, घरचं आजारपण, सगळं त्याच्या उजव्या पायात उतरलंय.

यावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. कट मारणाऱ्याला जाऊ द्या. पाय ॲक्सिलरेटरवरून उचला, दोन गाड्यांचं अंतर पडू द्या, तीन-चारदा लांब श्वास सोडा. तो पुढं गेल्यानं तुमचं काहीही कमी झालेलं नाही.

वेळेचा हिशेबही एकदा मांडून बघू. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा. ताशी १००च्या मर्यादेत सरळ धरला तर साधारण ५७ मिनिटं. १२०नं हाणला तर ४७. घाटात मर्यादा ६०ची आहे, ते सोडून देऊ. कागदावरची ही बचत दहा मिनिटांची, आणि लोणावळ्यात चहाला थांबलात की ती संपली. सरासरी वेग एक टक्का वाढला, की जीवघेण्या अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हा सौदा कुठल्याही शहाण्या माणसानं करू नये. दहा मिनिटं हवीच असतील, तर घरून दहा मिनिटं आधी निघा. रस्त्यावरचा निम्मा संताप उशिरा निघण्यातून येतो.

“चहा मार आणि निघ”

रात्री सव्वाअकरा. हायवेवरचा ढाबा. स्लीपर बस लागते, क्लीनर ‘वीस मिनिटं, वीस मिनिटं’ ओरडत उतरतो. प्रवासी शेवभाजी मागवतात. ड्रायव्हर नळाखाली डोकं धरतो, ओला रुमाल मानेवर टाकतो, तंबाखूची चिमूट दाढेखाली दाबतो. फोन वाजतो.

“कुठं आलास?”

“ढाब्यावर, शेठ. डोळे जड झालेत जरा. अर्धा तास पडू का?”

“पडतो कशाला? पॅसेंजर बोंबलतील. सहाला गाडी लागली पाहिजे, रिटर्न फुल्ल आहे. चहा मार आणि निघ.”

“बरं, शेठ.”

अपघात इथं झालेला आहे. त्याची जागा तेवढी ठरायची राहिली आहे.

सलग सतरा तास जागा असलेला माणूस, रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसासारखा वागतो, हे १९९७ सालीच प्रयोगानं दाखवून झालं आहे. आपल्याकडं कायद्यानं मर्यादा आहे १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. थोडक्यात, पहाटे पाचला उठलेला ड्रायव्हर रात्री दहाला कायद्याच्या भाषेत ‘प्यालेला’ असावा इतका मंदावलेला असतो. फक्त त्याच्या तोंडाला वास येत नाही आणि कुठलंही मशीन त्याला पकडत नाही.

ताशी १०० वेगात गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर कापते. चार सेकंदांची डुलकी म्हणजे शंभरावर मीटर गाडी बिनचालकाची. डोळे उघडे असूनही हे होतं. सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना एकसारखं दृश्य, ना वळण ना गाव. मेंदू सुस्तावतो. समृद्धी महामार्ग सुरू झाल्यावर ‘रोड हिप्नोसिस’ हा शब्द आपल्याकडं पानटपरीवर पोचला. ७०१ किलोमीटरचा, ताशी १२०ची मुभा असलेला रस्ता बांधताना आपण पूल, बोगदे, इंटरचेंज सगळं मोजलं. ड्रायव्हरला पाठ टेकायला जागा मात्र सुरुवातीच्या काळात धड नव्हती. १ जुलै २०२३ला सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि २५ माणसं जळून गेली. वेळ होती रात्री दीडच्या सुमाराची. कारणांची चर्चा टायरपासून चालकापर्यंत पुष्कळ झाली. त्या वेळेला सलग बस चालवणारा माणूस कोणत्या अवस्थेत असतो, ही चर्चा दोन आठवड्यांत विरून गेली.

झोपेचा मार दोन वेळा जास्त बसतो. मध्यरात्रीनंतर पहाटे सहापर्यंत, आणि दुपारी जेवणानंतर दोन ते चार. काच खाली केली, गाणी मोठ्यानं लावली, स्वतःच्या गालात मारून घेतली, यानं डुलकी चार-पाच मिनिटं पुढं ढकलली जाते, टळत नाही. कॉफीचा परिणाम व्हायलाही साधारण अर्धा तास लागतो. खरा उपाय एकच. सुरक्षित जागी, रस्त्यापासून आत, दिवे असतील तिथं गाडी लावून पंधरा-वीस मिनिटं झोपायचं.

आणि ढाब्यावर शेवभाजी खाणाऱ्या तीस प्रवाशांनो, तुमचंही एक काम आहे. ड्रायव्हर डोळे चोळताना दिसला तर पुढं होऊन सांगा, “मामा, झोपा अर्धा तास. आम्हाला घाई नाही.” तीस तोंडांतून हे वाक्य आलं, तर शेठचा फोन हरेल.

गाळपाच्या हंगामात पश्चिम महाराष्ट्रातल्या कुठल्याही साखर कारखान्याच्या गेटवर जा. दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रांगेत उभे. नंबर कधी लागेल सांगता येत नाही, म्हणून ड्रायव्हर टपावर, ट्रॉलीखाली, उसाच्या वाड्यांवर तुकड्या-तुकड्यानं झोपतो. नंबर लागला की उठ, पुढं घे, परत झोप. रिकामा झाला की रात्रीच परत फडावर. जागं राहायला कर्ण्यावर गाणी. मागं रिफ्लेक्टर नाही, म्हणून आपण त्याला शिव्या देतो. रिफ्लेक्टर हवाच. पण तीन रात्री धड न झोपलेल्या त्या पोराला टोकन देऊन ‘तुझा नंबर पहाटे चारला, तोवर झोप’ एवढं सांगायला कारखान्याला काय अवघड आहे?

२५ जानेवारी २०१२

पुणेकर ही तारीख विसरलेले नाहीत. स्वारगेट डेपोतून एका चालकानं सकाळी एसटी बस बाहेर काढली आणि गर्दीच्या रस्त्यांवर बेफाम पळवली. नऊ माणसं मेली, तीसहून जास्त जखमी झाली. खटल्यात बचाव पक्षानं तो मनोरुग्ण असल्याचा दावा केला. न्यायालयांनी तो मानला नाही. खालच्या न्यायालयाची फाशी उच्च न्यायालयानं कायम केली आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती जन्मठेपेत बदलली. रात्रीची ड्युटी बदलून मागितली होती आणि ती मिळाली नव्हती, हेही खटल्यात आलं.

दोषी कोण हे न्यायालयानं ठरवलं, त्यावर माझं काही म्हणणं नाही. गेलेल्या नऊ जणांच्या घरच्यांपुढं कुठलीही सबब उभी राहू शकत नाही. माझा प्रश्न न्यायालयाच्या बाहेरचा आहे. त्यानंतर आपण काय शिकलो? डेपोच्या गेटवर बंदोबस्त कसा असावा, किल्ल्या कुठं ठेवाव्यात, यावर बोललो. ड्युटी लावणाऱ्या माणसाला समोरचा चालक आज वेगळा दिसतोय हे ओळखायला कुणी शिकवलं का? आणि ओळखलंच, तर त्याला बाजूला बसवून दुसरा चालक द्यायची सोय त्याच्या हातात आहे का?

मुक्कामी गाडीवरच्या चालकाचा दिवस बघा. रात्री साडेनऊला गावात पोचायचं. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर नाहीतर गाडीतच मागच्या सीटवर अंग टाकायचं. डास, उकाडा, संडासाची सोय असेलच असं नाही. पहाटे साडेपाचला कॉलेजची पोरं घेऊन निघायचं. २०२१-२२च्या लांबलेल्या संपात एसटी कामगारांच्या आत्महत्यांच्या बातम्या येत होत्या, तेव्हा महाराष्ट्राला कळलं की खाकी कपड्यातला हा माणूस कर्जानं आणि अनिश्चिततेनं किती खचलाय. संप मिटला. त्यांच्या मनाचं काय झालं हे कुणी विचारलं नाही.

ज्याच्या गाडीखाली माणूस सापडतं, त्या चालकाचंही तेच. चूक त्याची असो वा नसो. तो आवाज, ते दृश्य पुढं महिनोन् महिने त्याला झोपू देत नाही. ब्रेकवर पाय ठेवताना पाय कापतो. अशा माणसाला जबाब झाला, गाडी सुटली, की पुन्हा ड्युटीवर पाठवतात. अपघातानंतर गाडी तपासल्याशिवाय रस्त्यावर काढत नाहीत. माणसाला काढतात.

वेडा नव्हे, आजारी

इथं एक गैरसमज खोडायलाच हवा. मानसिक आजार असलेला माणूस म्हणजे रस्त्यावरचा धोका, असं समीकरण कुणी मांडलं तर ते अन्यायाचं आहे. आपण वर पाहिलेले बहुतेक अपघात ‘नॉर्मल’ म्हणवणाऱ्या माणसांच्या रागातून, घाईतून, अपुऱ्या झोपेतून घडतात. उपचार घेणारा, वेळेवर गोळ्या घेणारा, डॉक्टरांना विचारून स्टीअरिंगला हात लावणारा रुग्ण त्यांच्यापेक्षा कितीतरी जबाबदार असतो.

धोका आहे तो लपवण्यात. निम्हान्सनं २०१५-१६ साली केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात साधारण दर दहा प्रौढांत एकाला कुठला ना कुठला मानसिक आजार असल्याचं आढळलं, आणि त्यातल्या बहुतेकांपर्यंत उपचार पोचलेले नव्हते. ही माणसं घरात बसून नसतात. ती रिक्षा चालवतात, शाळेची व्हॅन चालवतात, तुमच्या दारात जेवणाचं पार्सल आणतात. ‘डोक्याच्या डॉक्टरकडं जातोय’ हे कळलं तर गाडी काढून घेतील, लग्न मोडेल, पोरं चिडवतील, म्हणून गप्प राहतात. मग झोप येत नाही म्हणून एक क्वार्टर, आणि सकाळी पुन्हा गाडी.

गोळ्यांबद्दल दोन शब्द. झोपेच्या आणि घबराटीवरच्या काही गोळ्यांनी गुंगी येते, हे बहुतेकांना ठाऊक असतं. सर्दी-ॲलर्जीच्या साध्या, मेडिकलवाल्यानं काउंटरवरून दिलेल्या काही गोळ्यांनीही येते, हे ठाऊक नसतं. औषध घेताना विचारा, “ही घेऊन गाडी चालवली तर चालेल का?” नव्या गोळीचे पहिले काही दिवस गाडी दुसऱ्याला द्या. पण गाडी चालवायची म्हणून चालू असलेली मानसिक आजाराची गोळी मनानं बंद करू नका. ते सगळ्यात घातक.

बोलायला कुणी नसेल तर १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक आहे. सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. ऑक्टोबर २०२२पासून तो सुरू आहे आणि तरीही आजवर एकाही बसच्या केबिनमध्ये, एकाही टोलनाक्यावर तो मोठ्या अक्षरांत लिहिलेला मला दिसलेला नाही. ‘वाहने सावकाश हाका’च्या शेजारी तो लिहायला किती रंग लागतो?

किल्ली लावण्याआधी

घरात करायच्या गोष्टी थोड्या आहेत आणि आजपासून करता येतात.

किल्ली फिरवण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. काल झोप झाली का? आत्ता डोक्यात काही खदखदतंय का? निघायला उशीर झालाय का? एकाचं उत्तर वाईट असेल तर वेग कमी ठेवा. दोन वाईट असतील तर आज रिक्षा, बस, लोकल. तिन्ही वाईट असतील तर निघूच नका.

भांडण झालं की लगेच गाडी काढायची नाही, हा घराचा नियम करा. “अहो, थांबा. आधी पाणी प्या, मग जा,” असं बायको म्हणाली तर ते ऐका. “आई, तू आज रडून आलीयस, मी सोडतो,” असं मुलगा म्हणाला तर त्याला किल्ली द्या. यात कुणाचा कमीपणा नाही.

फोन डॅशबोर्डच्या कप्प्यात टाका, डिकीत टाका, पण हातात नको आणि मांडीवर नको. फोनवर बोलत गाडी चालवणाऱ्याला अपघाताचा धोका साधारण चौपट असतो, आणि कानात इअरफोन घातल्यानं तो फारसा कमी होत नाही, कारण लक्ष तर बोलण्यातच असतं. फोन करणाऱ्यांनीही शिस्त पाळावी. पहिला प्रश्न ‘जेवलास का?’ नको, ‘गाडीवर आहेस का?’ हा हवा. हो म्हणाला तर लगेच ठेवून द्या. बँकेचा हप्ता, भावकीचा वाद, पोराचे मार्क, हे चालत्या गाडीतल्या माणसाला सांगायचे विषय नव्हेत.

गाडी चालवताना अचानक छातीत धडधडायला लागलं, घाम फुटला, श्वास अपुरा पडतोय असं वाटलं, तर शेवटपर्यंत रेटू नका. इंडिकेटर देऊन डावीकडं या, पार्किंगचे दिवे लावा, उतरून रस्त्यापासून लांब बसा, कुणाला तरी बोलवा. घबराटीचा झटका ओसरतो. पण तो झटका आहे की हृदयाचं दुखणं, हे रस्त्याकडेला आपण ठरवायचं नाही. डॉक्टरांना दाखवा.

दर दोन तासांनी थांबा. उतरा, चाला, पाय मोकळे करा.

मालक कुठं आहे?

आता मुख्य गोष्ट. मोटार परिवहन कामगारांसाठी १९६१ सालीच कायदा झाला. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास, आणि सलग पाच तास काम झालं की किमान अर्धा तास विश्रांती, हे त्यात लिहिलं गेलं. लिहून साठ वर्षं उलटली. हायवेवर ते किती पाळलं जातं हे कुठल्याही ट्रक ड्रायव्हरला विचारा. उलट २०१८ साली राष्ट्रीय परवान्याच्या मालट्रकवर दोन चालक असण्याची सक्तीच काढून टाकली. वैमानिकाला आठवड्यात सलग ४८ तास विश्रांती मिळावी, असा नियम डीजीसीएनं केला आणि तो योग्यच आहे. पण रात्रभर चाळीस माणसं घेऊन घाट उतरणाऱ्या माणसाचा जीव, आणि त्या चाळिसांचा जीव, कुठल्या मापानं स्वस्त ठरला? १ ऑक्टोबर २०२५पासून नव्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला, हे चांगलं पाऊल. केबिन गार झाली. आता तिच्यातल्या माणसाला झोपूही द्या.

मोटार वाहन कायद्याचं कलम १८६ सांगतं, की आपल्याला असा आजार वा असमर्थता आहे की आपण गाडी चालवणं लोकांना धोक्याचं ठरेल, हे ठाऊक असूनही जो चालवतो त्याला दंड. पहिल्या वेळी एक हजार, पुढं दोन हजार. दंड ड्रायव्हरला. पण त्याच कायद्यात दोनच पावलं पुढं कलम १८८ आहे. धोकादायक ड्रायव्हिंग, नशेतलं ड्रायव्हिंग आणि हे असमर्थ अवस्थेतलं ड्रायव्हिंग, या तिन्ही गुन्ह्यांना जो अपप्रेरणा देईल, त्यालाही तीच शिक्षा. “चहा मार आणि निघ” म्हणणारा शेठ, “रजा मिळणार नाही, डबल कर” म्हणणारा साहेब, तापानं फणफणलेल्या पोराला रेटिंगची भीती घालून बाइकवर बसवणारी व्यवस्था, यांच्यासाठी हे कलम पुस्तकात तयार बसलेलं आहे. ते बाहेर काढा.

म्हणून परिवहन खात्याला आणि पोलिसांना माझं सांगणं असं. व्यावसायिक वाहनाच्या प्रत्येक जीवघेण्या अपघातात चालकाच्या रक्ताबरोबर मालकाचं ड्युटी रजिस्टर आणि त्या रात्रीचे फोन रेकॉर्ड ताब्यात घ्या. ‘आज माझ्यानं गाडी चालवणार नाही’ असं जो चालक सांगेल, त्याला त्या दिवसाचा पगार द्या आणि त्याची नोकरी राखा. एसटीपासून सुरुवात करा, म्हणजे खासगीवाल्यांना सबब उरणार नाही. यासाठी विधानसभेत नवा कायदा आणावा लागत नाही. रजिस्टर तपासणारा एक अधिकारी आणि मालकाला हजर राहायला सांगणारी एक नोटीस, एवढ्यावर हे उद्या सकाळी सुरू होऊ शकतं.